बँकेच्या नावाने येणारी पत्रे

मनुष्याचा विश्वास पुष्कळदा बाह्य चिन्हांवर बसतो. टपालवाल्याचा खाकी पोशाख, कचेरीचा शिक्का, छापील शीर्षक, ओळखीची सही, एवढे दिसले की पुढचा मजकूर निःशंक मनाने वाचला जातो. त्यात गैर असे काही नाही. प्रत्येक कागदाची शहानिशा करीत बसल्यास जगाचा व्यवहारच चालावयाचा नाही. परंतु ही चिन्हे तयार करण्यास ज्या काळी श्रम, पैसा आणि धाडस लागत असे, तो काळ आता मागे पडला आहे. एखाद्या बँकेचे बोधचिन्ह, तिच्या पत्रांचा रंग, तिच्या अधिकाऱ्यांची भाषा, फार काय, तिच्या संकेतस्थळाचे संपूर्ण पान ह्यांची हुबेहूब नक्कल आज काही मिनिटांत करता येते. अशा नकलेच्या आधाराने खातेदारास ई-मेल पाठवावयाचा आणि त्याच्याच हातून त्याच्या तिजोरीची किल्ली काढून घ्यावयाची, ह्या कपटास इंग्रजीत ‘फिशिंग’ असे नाव पडले आहे.

हे नाव गळ टाकून मासे धरण्याच्या क्रियेवरून आलेले असून ते १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत रूढ झाले. तेथील ‘अमेरिका ऑनलाइन’ ह्या कंपनीच्या ग्राहकांस कंपनीचे नोकर असल्याची बतावणी करून संदेश पाठविले जात आणि ‘खात्याच्या पडताळणीसाठी’ त्यांचे परवलीचे शब्द मागितले जात. तीस वर्षे लोटली, साधने पालटली, परंतु युक्तीचा गाभा तोच राहिला आहे. गळ टाकणारा एका विशिष्ट माशाच्या मागे लागत नाही. तो हजारो गळ टाकतो आणि जो मासा त्या घटकेस भुकेला, घाबरलेला किंवा घाईत असेल, तो लागतो. त्यामुळे ज्यांचे त्या बँकेत खातेच नाही अशांसही ही पत्रे येतात. ज्याचे खाते आहे, त्याला मात्र ते पत्र आपल्यालाच उद्देशून आल्यासारखे वाटते.

पैशाच्या देवघेवीत खोट्या कागदाची भीती नवी नाही. आपल्याकडील सराफांच्या पेढ्यांवर हुंडी चालत असे, तेव्हा तिच्यातील रक्कम एकदाच लिहून भागत नसे. ती आकड्यांत लिहावयाची, अक्षरांत लिहावयाची आणि शिवाय तिची निमपट सांगून ‘तिची दुप्पट’ असेही लिहावयाचे, म्हणजे एका ठिकाणी खाडाखोड केली तरी दुसऱ्या ठिकाणी ती उघडी पडे. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे तर बाजारात पत असलेल्या, माहितीतल्या माणसाच्याच हाती द्यावयाचे असत. पेढीवरील मुनीम कागद पाहून थांबत नसे. कागद आणणारा कोण आणि तो कोणाच्या ओळखीने आला आहे, हेही तो पाही. म्हणजे त्या जुन्या व्यवहाराची सुरक्षितता कागदाच्या देखणेपणात नसून कागदाबाहेरील चौकशीत होती. बनावट ई-मेल ओळखण्याच्या विद्येचे सारही ह्याहून निराळे नाही.

ई-मेलच्या बाबतीत ही चौकशी अधिक आवश्यक होण्याचे कारण त्याच्या मूळ रचनेतच आहे. ई-मेलची ने-आण ज्या नियमांनी होते, ते जोनाथन पोस्टेल ह्यांनी १९८२ च्या ऑगस्ट महिन्यात प्रसिद्ध केले. तेव्हा हे जाळे विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि सरकारी खाती ह्यांच्यापुरतेच होते आणि वापरणारे बहुतेक परस्परांच्या परिचयाचे होते. पत्र पोहोचविणे एवढेच त्या नियमांचे काम; पाठविणाऱ्याने स्वतःचे म्हणून जे नाव लिहिले, ते खरे की खोटे हे पाहण्याची तरतूद त्यांत नव्हती. टपालाच्या लिफाफ्यावर डाव्या कोपऱ्यात कोणी ‘मुख्य व्यवस्थापक’ असे लिहिले, तर पोस्टमन त्याला ओळखपत्र विचारीत नाही. तो पाकीट टाकून पुढे जातो. पुढे ह्या उणिवेवर उपाय निघाले. २०१२ साली काही मोठ्या कंपन्यांनी मिळून ‘डीमार्क’ नावाची पद्धत मांडली. बँकेने ती अंगीकारली आणि टपाल घेणाऱ्या कंपनीने ती पाळली, म्हणजे बँकेच्या नेमक्या पत्त्यावरून आल्याचे भासविणारे खोटे पत्र अडविता येते. परंतु ठकाने बँकेच्या पत्त्यासारखा दिसणारा पण स्वतःच्या मालकीचा पत्ता घेतला, तर हा पहारेकरी त्याला आत सोडतो. कारण त्याच्या दृष्टीने पत्ता आणि पाठविणारा ह्यांचा मेळ बसलेला असतो.

म्हणून पहिली गोष्ट ही की, पत्राच्या माथ्यावर ठळक अक्षरांत दिसणाऱ्या नावास काडीचे महत्त्व देऊ नये. ते नाव पाठविणाऱ्याच्या मर्जीचे असते. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर बहुधा तेवढेच दिसते. त्यावर बोट ठेवले म्हणजे खरा पत्ता उघड होतो. त्या पत्त्यात ‘ॲट’ चिन्हाच्या उजवीकडे जे असते तेच पाहावयाचे. डावीकडे ‘ग्राहकसेवा’, ‘सुरक्षा’, ‘रिझर्व्ह बँक’ असे काहीही लिहिण्यास कोणाची मनाई नाही.

संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याची रीत मात्र थोडी समजून घेण्यासारखी आहे. आपण लिफाफ्यावर पत्ता लिहितो तेव्हा आधी माणसाचे नाव, मग घर, मग आळी, आणि शेवटी गाव. ‘पुणे बिल्डिंग, सोलापूर’ असा पत्ता असेल, तर पत्र पुण्यास न जाता सोलापुरास जाईल. कारण निर्णय शेवटच्या शब्दाचा असतो. संकेतस्थळाच्या पत्त्याचेही तसेच आहे. आरंभीचे ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढील जोडतिरक्या रेघा सोडून द्याव्यात. त्यानंतर जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते तेथे थांबावे, आणि तेथून उजवीकडून डावीकडे वाचावे. ‘अमुकबँक डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता एका मालकाचा. परंतु ‘अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट खातेतपासणी डॉट कॉम’ हा पत्ता सर्वस्वी ‘खातेतपासणी डॉट कॉम’च्या मालकाचा. बँकेचे नाव त्यात इमारतीवरील पाटीसारखे आहे. गाव निराळेच आहे. घाईत वाचणारा डावीकडचे ओळखीचे शब्द पाहतो आणि समाधान पावतो, हे ठकास पक्के ठाऊक असते.

अक्षरांचे साम्य हा आणखी एक सापळा. रोमन लिपीतील ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे शेजारी शेजारी आली की लहान टाइपात ‘एम’सारखी दिसतात, ‘एल’ हे अक्षर आणि एक हा आकडा ह्यांत काही वळणांत भेदच उरत नाही. रशियन लिपीतील काही अक्षरे तर रोमन अक्षरांशी इतकी तंतोतंत जुळतात की डोळ्यास फरक कळणे अशक्य. यंत्रास मात्र ती दोन भिन्न अक्षरे, आणि म्हणून ते दोन भिन्न पत्ते. शिवाय पत्रात निळ्या अक्षरांत जो पत्ता दिसतो, तोच त्याच्यामागे असतो असेही नाही. संगणकावर त्या अक्षरांवर केवळ बाण नेऊन ठेवला, न दाबता, तर खरा पत्ता पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दिसतो. पत्रात दुव्याऐवजी चौकटी चौकटींचे क्यूआर चिन्ह दिलेले असेल तर धोका वाढतो; कारण ते डोळ्यांनी वाचताच येत नाही.

भारतीय खातेदारांना ह्या कामी अलीकडे एक चांगली खूण मिळाली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारीत बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ ह्या शेवटाचा स्वतंत्र पत्ता जाहीर केला आणि आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर नेण्यास बँकांना सांगितले. हा शेवट असलेले पत्ते नोंदविण्याचे काम हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञानाच्या विकास व संशोधन संस्थेकडे सोपविलेले असून ते बँकांवाचून इतरांस मिळत नाहीत. ‘डॉट कॉम’चा पत्ता कोणीही थोड्या पैशांत विकत घेऊ शकतो, हा घेता येत नाही. अर्थात ही खूण उपयोगी पडते ती पत्त्याच्या अगदी शेवटी असेल तरच. मध्ये कोठे तरी घुसडलेली असेल, तर सोलापुरातील ‘पुणे बिल्डिंग’ आठवावी.

ह्याच्या उलट, एका जुन्या खुणेवरील भरवसा आता सोडावयास हवा. पत्त्याशेजारी कुलूप दिसले म्हणजे पान सुरक्षित, असे पुष्कळांना पूर्वी शिकविण्यात आले होते. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की, खातेदार आणि ते पान ह्यांच्यामध्ये जाणारा मजकूर वाटेत कोणास वाचता येत नाही. पलीकडे बसलेला मनुष्य सज्जन आहे की चोर, ह्याविषयी ते कुलूप काही सांगत नाही. चोरानेही आपल्या दारास कुलूप लावावे ह्यात नवल काय? अशी कुलपे आता फुकटही मिळतात. लोकांचा हा गैरसमज दूर होईना, म्हणून गूगलच्या ‘क्रोम’ ह्या ब्राउझरने २०२३ साली कुलपाचे चिन्ह काढून त्याजागी दुसरे साधे चिन्ह ठेवले.

भाषेवरून पारख करण्याची रीतही अशीच लंगडी पडली आहे. पूर्वी ह्या पत्रांतील इंग्रजी अशुद्ध असे, नावांची वाताहत झालेली असे, आणि चाणाक्ष वाचक त्यावरूनच कागद बाजूस टाकी. आज लेखन करून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. त्यांच्याकडून निर्दोष इंग्रजी, आणि तितक्याच सफाईचे मराठीही, मागाल तेवढे मिळते. त्यामुळे अशुद्ध भाषा हे संशयाचे कारण असले, तरी शुद्ध भाषा हा खरेपणाचा पुरावा राहिलेला नाही. पत्रात आपले संपूर्ण नाव किंवा खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर असले, तरी तेवढ्यानेही खातरी मानू नये. अशी माहिती अनेक ठिकाणांहून फुटलेली असते.

भाषेपेक्षा तिच्यामागील स्वर अधिक बोलका असतो. ही पत्रे वाचकाच्या चार मनोवृत्तींपैकी एकीस हात घालतात. भीती: ‘आपले खाते गोठविण्यात येत आहे.’ घाई: ‘आज सायंकाळी पाचच्या आत केवायसी पूर्ण करा.’ लोभ: ‘प्राप्तिकराचा परतावा मंजूर झाला आहे, खाते क्रमांक पडताळा.’ आणि अधिकाराचा दरारा: ‘रिझर्व्ह बँकेच्या आदेशावरून.’ ह्यांपैकी शेवटच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवली की पुरे. रिझर्व्ह बँक व्यक्तींची खाती ठेवीत नाही. तेव्हा ती कोणा गृहस्थास त्याच्या खात्यासंबंधी पत्र लिहील हे संभवत नाही, हे तिने स्वतः अनेकदा जाहीर केले आहे. घाईसंबंधी सामान्य नियम असा सांगता येईल की, ज्या कामास विचार करण्यापुरताही अवकाश दिला जात नाही, त्या कामात विचार केल्यास कोणाचे तरी नुकसान होणार असते. आणि ते खातेदाराचे नसते.

‘परंतु परवलीचा शब्द कळला तरी बिघडले कोठे? शेवटी भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी तर आपल्याच हाती आहे,’ असे पुष्कळजण समजतात. ही समजूत कशी फसवी आहे हे नीट पाहावयास हवे. समजा, एका निवृत्त गृहस्थांनी पत्रातील दुव्यावर बोट ठेवले आणि बँकेच्या पानासारखे पान उघडले. त्यांनी आपले वापरकर्ता-नाव आणि परवलीचा शब्द भरला. तो बँकेस गेला नाही, ठकाकडे गेला. ठकाने किंवा त्याच्या यंत्राने तोच शब्द त्याच क्षणी बँकेच्या खऱ्या पानावर भरला. आता खरी बँक खरा ओटीपी गृहस्थांच्या भ्रमणध्वनीवर पाठविते. बनावट पान म्हणते, ‘पडताळणीसाठी आलेला क्रमांक येथे लिहा.’ क्रमांक खऱ्या बँकेकडून आलेला पाहून गृहस्थांचा उरलासुरला संशयही मावळतो, ते तो लिहितात, आणि अर्ध्या मिनिटात पैसे निघून जातात. म्हणजे बँकेने बसविलेले दुसरे कुलूपही खातेदाराच्याच हातून उघडविले गेले. ह्यावर उपाय त्या संदेशातच असतो. ओटीपीबरोबर तो कशासाठी आहे हे, आणि पुष्कळदा रक्कमही, लिहिलेली असते. आकडा पाहावयाचा आणि मजकूर सोडावयाचा, ह्या सवयीने घात होतो. मजकूर आधी आणि आकडा मागाहून वाचला तर घात टळतो. तसेच यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, पैसे मिळण्यासाठी कधीही लागत नाही, हे सूत्र घरातील प्रत्येकाच्या तोंडी असावे.

येथवर सांगितलेल्या खुणा उपयुक्त आहेत, परंतु त्यांवर सर्वस्वी विसंबणे इष्ट नाही. कारण ठक रोज नवी युक्ती शोधतो आणि वाचकाची दृष्टी सर्वकाळ सावध राहू शकत नाही. तापाने अंग मोडून आले असता, प्रवासात, रात्री उशिरा शहाणी माणसेही चुकतात. म्हणून खुणांच्याही वरचा एक नियम पाळावा, आणि तो हा: पत्र खरे की खोटे ह्याचा निकाल लावण्याच्या भरीस पडूच नये, पत्राने दाखविलेल्या वाटेने मात्र जाऊ नये. पत्र म्हणते खाते गोठणार आहे. ठीक आहे. पत्र मिटवावे, बँकेचे ॲप स्वतः उघडावे, अथवा तिचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहावा, किंवा कार्डाच्या पाठीवर अथवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकास विचारावे. सूचना खरी असेल, तर ती तेथेही दिसेल आणि काहीच बिघडणार नाही. खोटी असेल, तर तेथे तिचा मागमूस नसेल. दोन्ही परिस्थितींत खातेदार सुरक्षित. क्रमांक मात्र त्याच पत्रातला घेऊ नये, किंवा शोधयंत्रावर जो प्रथम दिसेल तोही घेऊ नये. तेथेही ‘ग्राहकसेवा’ म्हणून ठकांनी आपले क्रमांक पेरलेले असतात. पत्राबरोबर जोडलेले अनपेक्षित विवरणपत्र किंवा ‘हे ॲप उतरवून घ्या’ ही विनंती, ह्यांनाही हाच नियम लागू आहे.

एवढे करूनही एखादे वेळी हातून माहिती गेली, तर पुढचे काही तास, किंबहुना काही मिनिटे, मोलाची असतात. गेलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत. ते भाड्याने घेतलेल्या अनेक खात्यांतून झपाट्याने पुढे सरकविले जातात आणि शेवटी रोख काढले जातात. ते वाटेत असतानाच अडविता यावेत म्हणून केंद्र सरकारने २०२१ साली पोलीस आणि बँका ह्यांना जोडणारी व्यवस्था उभी केली. तिचा दूरध्वनी क्रमांक १९३० हा आहे. प्रथम बँकेस कळवून खाते व कार्ड बंद करवावे, लागलीच १९३० वर सांगावे, तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा आणि परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. ते पत्र आणि आलेले संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो.

वेळेवर कळविण्यास कायदेशीर महत्त्वही आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सहकारी बँकांसाठी काढलेल्या परिपत्रकात, नुकसानीची जबाबदारी कोणाची ह्याचे तत्त्व घालून दिले. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रसंगी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याच्यावर काहीच भार नाही. परंतु ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिल्यामुळे तोटा झाला, तर बँकेस कळवीपर्यंतचा सगळा तोटा त्याचा, आणि कळविल्यानंतर होणारा तोटा बँकेचा. बनावट पत्रास बळी पडलेल्या खातेदाराची गणना बहुधा ह्या दुसऱ्या वर्गात होण्याचा संभव असतो. म्हणजे आयुष्यभर साठविलेल्या पुंजीपैकी किती वाचावयाचे, हे पुष्कळ अंशी तो दूरध्वनी कधी केला ह्यावर ठरते. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भारही त्या परिपत्रकाने बँकेवर टाकला होता, हेही विसरू नये.

कायदा ह्या गुन्ह्याविषयी मुका नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ च्या मार्चमध्ये, ‘नॅसकॉम’ ह्या संस्थेच्या नावाने ई-मेल पाठविल्याच्या एका प्रकरणात, स्वतंत्र कायदा नसतानाही फिशिंग हे बेकायदा कृत्य ठरविले. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती होऊन ६६-ड हे कलम २००९ च्या ऑक्टोबरपासून अमलात आले. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक करणारास त्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु शिक्षा गुन्हेगार सापडल्यावर व्हावयाची, आणि तो पुष्कळदा दूरच्या प्रांतात किंवा परदेशात बसलेला असतो. खातेदाराची खरी ढाल त्याची स्वतःची सवय हीच होय.

ह्या सवयीच्या आड येणारा मोठा शत्रू म्हणजे लाज. फसलेला मनुष्य, विशेषतः घरातील वडीलधारा आणि शिकलेला मनुष्य, झालेला प्रकार मुलांसही सांगत नाही. उद्या पाहू म्हणतो, आणि ठकास हवा असलेला वेळ त्याला आयताच मिळतो. जेथे फसलेल्यास हसले जाते, त्या घरी पुढची फसवणूक अधिक उशिरा कळते. उलट, पैशासंबंधी कोणतेही अनपेक्षित पत्र आले की ते दुसऱ्या एका माणसास मोठ्याने वाचून दाखवावयाचे, असा साधा प्रघात घरात पडला, तर त्याचा गुण लागलीच येतो. एकट्याने मनात वाचताना जे पत्र भयंकर किंवा मोहक भासते, तेच चारचौघांत मोठ्याने वाचले की त्यातील घाई आणि धमकी उघडी पडते. जुन्या पेढीवर मुनीम हुंडी शेठजींस दाखविल्याखेरीज पैसे मोजीत नसे, आणि त्यात त्याला कमीपणाही वाटत नसे. पैसे मोजण्यापूर्वी विचारणे ही त्याच्या धंद्याची रीत होती. आज ती प्रत्येक घराची रीत व्हावयास हवी.